थोरलीची बाजू

मंगळवारी आम्ही दूध बँकेत निघालो की अख्ख्या गल्लीला कळतं. आत्या कळवल्याशिवाय रिक्षात पाय ठेवत नाहीत.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच पद्धत. बाळंतपणाला म्हणून त्या कोडोलीहून आल्या आणि पोरगी पाच महिन्यांची झाली तरी परत गेलेल्या नाहीत. तिकडं मामंजी आणि म्हशी एकमेकांना सांभाळतात. मी आठवडाभर दूध काढून फ्रीजरमध्ये ठेवते, त्या बाटल्यांची बर्फाची पिशवी आत्या स्वतः उचलतात. मला हात लावू देत नाहीत. मग दारात उभ्या राहून समोरच्या पारूबाईंना हाक मारतात.

"निघालो ओ पारूबाई! दूध द्यायला निघालो!"

पारूबाई पायरीवर मेथी निवडत होत्या. "अजून येतंय व्हय एवढं?"

"न यायला काय झालं? आमच्या सूनबाईच्या दुधावर निम्मं कोल्हापूर वाढाय लागलंय."

"निम्मं कोल्हापूर वाढतंय ते बरंच हाय की," पारूबाईंनी माझ्या खांद्यावरच्या अनुजाकडं बघितलं, "पर ही का वाढंना? गावाला दूध आणि लेकरू काटकी."

"नाजूक अंगलटीची हाय. बापावर गेलीया."

बाप म्हणजे धैर्यशील. शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला आहे, आणि इतका आडवा की तिथं त्याला नवीन शर्ट शिवायचा तर मापं घेणारा दोनदा टेप लावतो. पारूबाई हसल्या, आत्याही हसल्या. मी रिक्षात बसले आणि पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास लागतोय का बघायला. ही माझी सवय आहे. सिग्नलला, पायरी चढताना, ती झोपलेली असली की आणि जागी असली तरी.

काटकी. हा शब्द फुलेवाडीपासून दवाखान्यातल्या दूध बँकेपर्यंत माझ्याबरोबर आला.

जुळ्या होत्या माझ्या. गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. दिवस भरायच्या आधी झाल्या, म्हणून दोघींना याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं. मी खालच्या वॉर्डात, टाके ओले. दूध वाटीत काढून वर पाठवायचं. तिथल्या एका सिस्टरांनी सांगितलेलं, "जुळ्यांच्या आया पुढं गोंधळतात. एकेक बाजू एकेकीची ठरवून टाका, सोपं पडतं." मी ठरवली. डावी थोरलीची, उजवी धाकटीची. वर त्यांनी ते वेगळं पाजलं की एकत्र केलं, देव जाणे. मी मात्र दोन वाट्या वेगळ्या पाठवायचे आणि नेणाऱ्या मावशींना बजावायचे, ही हिची, ही तिची. त्या "व्हय बाई, व्हय" म्हणायच्या.

आठवड्यात थोरली गेली.

मामंजी आणि धैर्यशील तिला कोडोलीला घेऊन गेले. रानात बांधाला ठेवून आले. मला नेलं नाही, नेण्यासारखी मी नव्हतेच. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळं सुतक नाही, दिवस नाहीत, कुणी भेटायला येणं नाही. बाळंतिणीला बघायला आली ती प्रत्येक बाई म्हणाली, एक तरी राहिली. खरंच होतं ते. एक राहिली होती, आणि तिला घेऊन आम्ही घरी आलो, आणि घरात पेढे वाटले.

माझ्या अंगाला मात्र हे कुणी कळवलं नाही. डावी बाजू भरतच राहिली. वेळेवर, गच्च, दुखेपर्यंत.

जी राहिली तिचं नाव मी अनुजा सुचवलं. सगळ्यांना आवडलं. मागून जन्मलेली ती अनुजा. पुढं कुणीतरी असल्याशिवाय हे नाव ठेवताच येत नाही, एवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी तिला उजवीकडं पाजते. डावीकडचं काढते, बाटलीत भरते, फ्रीजरमध्ये ठेवते. आत्या पहिल्या पहिल्यांदा म्हणायच्या, "दुसरीकडं बी घे की तिला." मी सांगितलं, तिकडं ती तोंडच लावत नाही. खोटं होतं. मी तिला तिकडं कधी धरूनच बघितलं नव्हतं. पुढं आत्यांनी विचारायचं सोडलं.

कॉलेजात मला मानसशास्त्र होतं. आमच्या मॅडमनी एकदा वर्गाला विचारलेलं, गुपचूप दान करणाऱ्याला काय मिळतं? कुणी म्हणालं पुण्य, कुणी म्हणालं काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, काहीतरी मिळतंच, मिळाल्याशिवाय माणूस बोट हलवत नाही, तुम्ही फक्त नीट शोधत नाही. तेव्हापासून मला माणसांचं हे शोधायची खोड लागली. आत्यांचं मी केव्हाच शोधून ठेवलं होतं. त्यांना मान मिळतो. सूनबाई दूध दान करते म्हटल्यावर हळदीकुंकवात त्यांना आधी पाट मिळतो. म्हणून त्या पिशवी उचलतात, म्हणून रिक्षात बसायच्या आधी आरोळी. मला याचा थोडा रागही यायचा.

माझं काय ते मी शोधत नव्हते, कारण मला माहीत होतं. बँकेत सगळ्या आयांचं दूध एकत्र करतात, तापवतात, आणि ज्यांच्या आईला दूध नाही त्या पेटीतल्या बाळांना देतात. कुणाचं कुणाला गेलं ते सांगत नाहीत. मी विचारलंही नाही. मला एवढंच पुरायचं की वरच्या मजल्यावर, त्या काचेपलीकडं, अजून कुणीतरी माझ्या डाव्या बाजूचं पितंय. मंगळवार जवळ आला की मला घरातून निघायची घाई व्हायची. माहेरी जायचं असल्यासारखी.

बँकेतल्या अक्षता मॅडम वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी बाटल्या घेतल्या, टेबलावर मांडल्या आणि म्हणाल्या, "आज बाळाचं वजन करूया हं. दूध देणाऱ्या आयांच्या बाळांचं बघतो आम्ही अधूनमधून."

आत्यांनी अनुजाचं झबलं काढलं. काट्यावर ती निळ्या ट्रेमध्ये पाय झाडत पडली. तिच्या बरगड्या मला दिसल्या. रोज आंघोळीला दिसतात, पण तिथं पांढऱ्या दिव्याखाली वेगळ्या दिसल्या. अक्षता मॅडमनी आकडा बघितला, तिला उचलून परत ठेवली, परत बघितला.

"आत्याबाई, हिला जरा गुंडाळून बाहेर घेऊन बसता का? गार आहे इथं."

"वारा लावून आणतो की," आत्या म्हणाल्या आणि पोरीला पदरात घेऊन गेल्या. आत्या सगळ्या कोल्हापुरी बायकांसारखं आलो-गेलो बोलतात.

दार लागल्यावर अक्षता मॅडमनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मागच्या वेळेपेक्षा काहीच वाढलेली नाही. तुमचं तिला पुरतंय ना?"

"पुरतंय की."

"दोन्हीकडं घेते?"

मी बाटल्यांकडं बघितलं. एकसारख्या, झाकणं घट्ट, गारठून घाम आलेल्या.

"घेते," मी म्हणाले. मग म्हणाले, "उजवीकडं जास्त घेते."

त्यांनी एक बाटली उचलून परत खाली ठेवली. त्यांना कळलं की नाही ते मला सांगता येणार नाही. "आपला नियम माहीत आहे तुम्हाला. स्वतःच्या बाळाला पुरून उरलं तरच घ्यायचं. आजच्या या बाटल्या तुम्ही परत न्या. हिला पाजा. महिनाभर सगळं हिलाच. वजन वर आलं की या परत, मीच बोलावेन."

"असं कसं?" माझा आवाज वर गेला. "आणि आतली बाळं? ती काय करतील? त्यांच्या आयांना येत नाही म्हणून तर आम्ही... त्यांना उपाशी ठेवणार का तुम्ही?"

बोलताना मला खरंच वाटत होतं की मी त्या बाळांसाठी भांडतेय. डोळ्यात पाणी आलं होतं.

"नाही हो," अक्षता मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "सध्या बऱ्याच आया येतायत. फ्रीज भरलेला आहे आपला. तुम्ही नाही दिलंत म्हणून कुणी उपाशी राहणार नाही."

हे ऐकून खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. बाळं उपाशी राहणार नाहीत, मग आणखी काय पाहिजे? पण कुणीतरी येऊन शांतपणे सांगावं की बाई, वर तुमचं कुणी नाही, तसं झालं. थोरली गेली त्या दिवशीही असंच सांगितलं होतं, खालच्या आवाजात, खुर्ची जवळ ओढून.

मी बाटल्या पिशवीत भरल्या. पिशवी इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. दरवेळी आत्याच उचलायच्या.

बाहेरच्या बाकावर आत्या नव्हत्या. पाण्याच्या टाकीजवळ नव्हत्या. मी जिन्याकडं धावले, कारण पोरगी त्यांच्याजवळ होती आणि माझ्या डोक्यात जे यायचं ते सगळं येऊन गेलं होतं. एक मजला वर चढले आणि थांबले.

काचेच्या खोलीसमोर आत्या उभ्या होत्या. अनुजा त्यांच्या खांद्यावर. शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी, दोघी काचेला नाक लावून. माझ्याकडं दोघींची पाठ होती.

"आमचा नातू हाय," म्हातारी सांगत होती. "सुनंच्या अंगावर दूधच न्हाय. शाहूवाडीहून आलोय आमी. हितं कोण कोण चांगल्या बाया दूध देत्यात म्हणं, त्यावर हाय बघा आमचं."

"व्हय, देत्यात," आत्या म्हणाल्या. "देत्यात की."

आता त्या सांगणार, आमचीच सून ती, असं मला वाटलं. निम्मं कोल्हापूर वाढतंय हेही येणार, असं वाटलं. इथं तर ऐकणारं खरं माणूस होतं.

"तुमचं कोण हाय आत?" म्हातारीनं विचारलं.

आत्यांनी अनुजाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "जुळ्या हायत्या आमच्या," त्या म्हणाल्या. "ही धाकटी. थोरली आत हाय. ती बघा, खिडकीजवळची पेटी."

"लहान दिसतीया."

"लहानच हाय. पर जीव चिवट हाय तिचा. दर मंगळवारी थोडी थोडी वाढतीया. दूध आणतो न्हवं आमी तिला."

"येईल वो घरी. आंबाबाई हाय."

"येईल की."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. म्हणजे दर मंगळवारी मी आत फॉर्म भरत असते, हात धूत असते, तेव्हा "वारा लावून आणतो" म्हणून या इथं येत होत्या. खिडकीजवळची पेटी. पाच महिन्यांत त्या पेटीत किती बाळं येऊन गेली असतील. आत्यांना त्याचं काही नव्हतं. पेटीत जे असेल ते त्यांचं. आणि मी मान शोधून ठेवला होता त्यांच्या नावावर.

पायरीवर पिशवी टेकली तशा बाटल्या वाजल्या. आत्यांनी वळून बघितलं. त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरीसारखा झाला. म्हातारीला काही न सांगता त्या तरातरा आल्या.

"झालं व्हय एवढ्यात? चल. आणि ही पिशवी का आणलीस वर? रिकामी तिथंच ठेवायची की."

"रिकामी नाही."

त्यांनी पिशवीत डोकावलं. मग माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. वजन, नियम, महिनाभर, सगळं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आधी चहा पी. पांढरीफट्ट पडलीयास."

आवारात गुलमोहराखाली चहाची गाडी आहे. बाकावर आम्ही बसलो, मध्ये पिशवी. आत्यांनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच धरून बसल्या. मघाच्याबद्दल त्या बोलणार नाहीत असं मला वाटलं. आमच्याकडं बोलत नाहीत.

"आमच्याकडं मोरी म्हणून म्हस हुती," त्या एकदम म्हणाल्या. "तू न्हाय बघितलीस. धैर्यशील शाळंत असंल तवा. तिचं रेडकू मेलं. म्हस काय हात लावू दीना. लाथा हाणायची. मग तुझ्या मामंजींनी त्या रेडकाचं कातडं घेतलं, पेंढा भरला त्यात, आणि शिवून म्हशीपुढं ठेवलं. करत्यात तसं आमच्याकडं."

"आणि?"

"आणि काय, चाटाय लागली. चाटायची आणि पान्हा सोडायची. तुझे मामंजी खूश. भरून चरवी यायची."

"तिला कळत नव्हतं?"

"न कळायला काय झालं? वास पेंढ्याचा. हालत न्हाय, वरडत न्हाय. म्हशीला काय एवढं कळत न्हाय व्हय?" आत्यांनी बशी खाली ठेवली. "कळत हुतं गं. तरी चाटायची."

अनुजा त्यांच्या मांडीवर कुरकुरायला लागली होती. आत्यांनी तिच्या पोटावर थोपटलं.

"तुझ्या त्या बाटल्या बघितल्या की मला ती म्हस आठवायची. फ्रीज उघडला की आठवायची. बोलावं म्हंतलं तुला. पोरगी एकाच अंगावर पितीया, मला काय दिसत न्हवतं व्हय? चार पोरं पाजलीत मी."

"मग बोलला का नाही?"

"कशी बोलू? मीबी चाटतच हुतो की." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि चहावाल्यावर ओरडल्या, "काय रे, साखर घालतोस का पाकच करतोस? तोंड चिकटलं!"

"आत्या, फुकटची साखर बी जड हुती व्हय तुमास्नी?" चहावाला तिकडून म्हणाला.

मी हसले. हसता हसता रडले, आणि आत्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं, ते बरं केलं.

"मोरीचं पुढं काय झालं?"

"पुढं पावसाळ्यात पेंढा कुजला. फेकून दिलं एक दिवस. वरडली दोन दिवस गोठा डोक्यावर घिऊन. मग आपली माझ्या हाताला पान्हावली." आत्या थांबल्या. "पर रोज न्हाय. एखाद्या दिवशी मान वळवून बघायचीच ती तिकडं. शेवटपत्तुर."

माणसं आत जात होती, डबे घेऊन, गोधड्या घेऊन. शाहूवाडीची ती म्हातारी खाली आली, आत्यांना बघून हात हलवला आणि माझ्याकडं बघून ओळखीचं हसली. थोरलीची आई म्हणून. मीही हसले. एवढ्या दिवसांत माझ्याकडं त्या नात्यानं हसून बघणारी ती पहिलीच.

"बांधाला कुठं ठेवलंय तिला?" मी विचारलं.

आत्यांनी लगेच उत्तर दिलं, जणू पाच महिने तोंडातच धरून बसल्या होत्या. "शेवगा हाय न्हवं विहिरीजवळचा, त्याच्या बुडात. उन्हाचं तापत न्हाय तिथं. मी आदूगरच सांगितलेलं ह्यास्नी, उसाकडं नको, पाणी तुंबतंय."

"मला न्याल?"

"येत्या रविवारी जाऊया. धैर्यशीलला सांगतो मी. न्हाय म्हंतला तर एस्टीनं जाऊ, त्याच्या बापाची हाय व्हय एस्टी?"

अनुजा आता मोठ्यानं रडायला लागली. भुकेचं रडणं. घरून निघताना उजवीकडं घेतली होती मी तिला, त्यामुळं उजवी मऊ होती. डावी सकाळपासून काढलेली नव्हती. तिचं रडणं ऐकून डावीलाच कळ आली. ब्लाउज ओला झाला. अंगाला कुणाचं रडणं ते कळत नाही. ते आपलं दूध सोडतं.

मी पिशवीकडं हात नेला, बाटली काढून चमच्यानं पाजावं म्हणून. आत्यांनी माझा हात धरला नाही. त्यांनी फक्त माझ्या डाव्या अंगाला सरकून आपला पदर पुढं धरला, पडद्यासारखा, आणि तोंड रस्त्याकडं फिरवलं.

मी पोरीला घेतलं. नेहमीचा हात उजवीकडं वळला. तो मी परत आणला. अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्याच्या घरात देवळीतला दिवा हलवावा तसं. थोरले, मी मनात म्हणाले, आणि पुढं काय म्हणायचं ते सुचलं नाही. तिला नावच नव्हतं, म्हणून हाकही अर्धीच राहिली.

अनुजानं आधी तोंड फिरवलं. मी आत्यांना सांगत होते ते खोटं खरं होतंय की काय असं वाटलं. ती रडली, मान झटकली, माझ्या बोटाशी चाळा केला. दूध तिच्या गालावर उडालं तसं तिनं जिभेनं चाटलं. मग एकदम धरलं. इतक्या जोरात की मी "आई गं" म्हणाले.

"घेतलं व्हय?" आत्यांनी तोंड न फिरवता विचारलं.

"घेतलं."

"हं."

ती गटागटा प्यायला लागली. घोट मला ऐकू येत होते. माझी छाती हलकी होत गेली, आणि जसजशी हलकी होत गेली तसतसं मला वाटत होतं, थांब, थोडं ठेव, सगळं नको. पण ते मी तिला म्हणाले नाही. मी तिचं डोकं धरून ठेवलं.

उजवीकडं पाजताना तिचा उजवा कान वर असतो. पाच महिने मी तोच बघत आले आहे, तासन्‌तास, नाकाखाली बोट धरून. डावा कान नेहमी माझ्या दंडाखाली दडलेला. आज तो वर होता. पाळीवरचा बारीक तीळ मला ओळखीचा होता, आंघोळीला दिसायचा. पण प्रत्येक घोटाला तो कानही हलतो, तीळ घेऊन हलतो, हे मला माहीत नव्हतं. मी तो कान बघत बसले. आत्यांचा हात पदर धरून भरून आला असावा, पण त्यांनी खाली घेतला नाही.